सातारा-सांगली परिसरातील सरीसृप व उभयचर

सातारा-सांगली परिसरातील सरीसृप व उभयचर : पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत आढळणारे साप, सरडे, पाली, कासवे व मगर हे सरीसृप प्राणी आणि बेडूक, भेक व देवगांडूळ हे उभयचर प्राणी, तसेच त्यांच्यासंबंधीचे लोकज्ञान व शास्त्रीय अभ्यास यांचा इतिहास. या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करण्यास भौगोलिक कारणाबरोबर ऐतिहासिक कारणही आहे. शिराळा, वाळवा, तासगाव, खानापूर हा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. १९४९ मध्ये हा भाग व सांगली, मिरज, जत इ. संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या लिखाणात सांगली जिल्ह्यातील अनेक स्थळांची नोंद सातारा या नावाखालीच सापडते.

या प्राण्यांच्या अभ्यासाचा इतिहास एका बाबतीत लक्षणीय आहे. ज्या प्राण्यांचे माणसाला भय वाटले किंवा ज्यांची त्याने पूजा केली, ते नाग, घोणस, घोरपड व मगर यांसारखे प्राणी येथील लोकांना शतकानुशतके परिचित आहेत. परंतु ज्या जाती या भूमीच्या खास, म्हणजे प्रदेशनिष्ठ आहेत त्यांतील बहुतेक लहान, निरुपद्रवी व दगडाखाली राहणाऱ्या आहेत. त्यांना लोकभाषेत स्वतंत्र नावे नव्हती आणि शास्त्रातही त्यांतील अनेकींची नोंद २००० नंतरच झाली. त्यांचे वसतिस्थान असलेले खडकाळ सडे याच सुमारास वेगाने बदलू लागले.

भूरचना व आवास : परिसराच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीची मुख्य रांग असून महाबळेश्वर, कास, कोयना व चांदोली हा भाग अतिपर्जन्याचा आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो. तेथून पूर्वेस जावे तसा पाऊस झपाट्याने घटतो व माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो सु. ५०० मिमी. इतकाच असतो. जेमतेम शंभर किमी. अंतरात सदाहरित रान, गवताळ डोंगरउतार, नदीकाठची काळी जमीन व काटेरी झुडपांचे माळरान असे चार वेगवेगळे आवास एकापाठोपाठ येतात. पश्चिमेकडील जंगलात चापडा, खापरखवल्या व देवगांडूळ, तर पूर्वेकडील कोरड्या माळावर फुरसे व घोरपड असे वाटप त्यामुळेच दिसते. नाग, धामण, मण्यार व घोणस हे साप मात्र दोन्हींकडे कमीअधिक प्रमाणात आढळतात.

या चारांखेरीज एक पाचवा आवास आहे, तो म्हणजे सडा. डोंगरमाथ्यावर जांभ्या खडकाचे थर उघडे पडून बनलेल्या सपाट पठारांना या भागात सडा म्हणतात. कास, चाळकेवाडी, सडावाघापूर व पाचगणीचे पठार ही त्याची परिचित उदाहरणे होत. सड्यावर माती फार थोडी, झाडे जवळजवळ नाहीत, उन्हाळ्यात खडक तापतो आणि पावसाळ्यात त्यावर उथळ डबकी साचतात. लागवडीस अयोग्य अशा जमिनीस महसुली भाषेत पोटखराबा म्हणतात आणि सर्वसामान्य माणसाच्या लेखी सडे म्हणजे अशीच पडीक जमीन होय. प्राणिविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हा आवास अत्यंत मोलाचा आहे. सुट्या दगडांखाली दिवसाही गारवा व ओल टिकते, खडकांतील भेगांत शत्रूपासून आसरा मिळतो आणि डबक्यांत मासे नसल्याने भेकांची अंडी व भैकेर यांना भक्षकांचा त्रास कमी पोहोचतो. एक सडा दुसऱ्यापासून खोल दऱ्यांनी तुटलेला असल्यामुळे तेथील लहान प्राण्यांचे समूह दीर्घ काळ अलग राहिले आणि त्यांच्या स्वतंत्र जाती बनण्यास वाव मिळाला.

लोकज्ञान : शेतकरी, गुराखी व धनगर यांचा सापांशी नित्याचा संबंध असल्यामुळे सापांची मराठी नावे विपुल आणि बरीच नेमकी आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार प्रमुख विषारी सापांना स्वतंत्र नावे आहेतच, पण धामण, तस्कर, कवड्या, नानेटी, गवत्या, दिवड, रुकई, हरणटोळ, वाळा, मांडूळ, अजगर ही बिनविषारी किंवा माणसाला अपाय न करणाऱ्या सापांची नावेही त्यांचे रंगरूप किंवा सवय लक्षात घेऊन पडलेली दिसतात. कवड्याच्या अंगावर कवडीसारखे पट्टे असतात, तर गवत्या गवताच्या रंगाचा असतो. रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणण्याची व सर्पदंश झाला असता ‘पान लागले’ असे म्हणण्याची रीत खेड्यांत होती. नाव उच्चारल्याने साप येतो, या समजुतीतून ती निर्माण झाली असावी.

या लोकज्ञानाला मर्यादाही होत्या. घोणशीसारखी नक्षी असलेली निरुपद्रवी डुरक्या घोणस खरी घोणस समजून मारली जाते. मांडुळाचे शेपूट बोथट असल्यामुळे त्यास दोन तोंडे असतात असा समज आहे. या समजाला गुप्तधनाच्या कल्पनेची जोड मिळाल्याने अलीकडच्या काळात मांडुळाची चोरटी विक्री होऊ लागली. पाल विषारी असते, घोणशीच्या फूत्काराने अंग सडते, धामण गाईचे दूध पिते यांसारख्या समजुतींना आधार नाही. धामण शेतातील उंदीर खाते आणि या दृष्टीने ती शेतकऱ्याची मोठीच साहाय्यक आहे. लहान पालींच्या बाबतीत लोकभाषा जवळजवळ मुकी आहे. घरातली पाल आणि सड्यावरच्या दगडाखालची पाल या दोहोंस एकच नाव आहे. देवगांडूळ हा तर पायांचा अभाव असलेला उभयचर प्राणी असून तो सामान्यतः गांडूळ किंवा सापाचे पिल्लू समजला जातो.

घोरपडीला लोकेतिहासात विशेष स्थान आहे. घोरपडीस दोर बांधून गड चढल्याची कथा घोरपडे घराण्याच्या आडनावाशी जोडली जाते. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध झालेली नाही. तथापि खडकाला घट्ट धरून राहण्याच्या घोरपडीच्या सवयीचे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे. मांस, चरबी व कातडे यांसाठी घोरपडीची शिकार फार झाली आणि ती आजही पूर्णपणे थांबलेली नाही.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी : सापांविषयीची लोकभावना सर्वांत ठळकपणे दिसते ती सांगली जिल्ह्यातील शिराळा या तालुक्याच्या गावी. बत्तीस गावांचे मुख्य ठाणे म्हणून त्यास बत्तीस शिराळा म्हणतात, असे सांगण्यात येते. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. येथील नागपूजेचा उगम गोरक्षनाथांशी जोडला जातो. श्रावण शुद्ध पंचमीस एका घरी मातीच्या नागाची पूजा चालू असल्याने गोरक्षनाथांस भिक्षा मिळण्यास उशीर झाला. तेव्हा त्यांनी मातीच्या नागाऐवजी जिवंत नागाची पूजा करण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे.

प्रथेप्रमाणे नागपंचमीपूर्वी काही दिवस गावातील तरुणांचे गट रानोमाळ हिंडून नाग पकडीत. सुरुवातीच्या पावसाने भिजलेल्या मातीवरील माग, बिळाच्या तोंडाची झीज, टाकलेली कात यांवरून बिळात नाग आहे की नाही, हे जाणकार ओळखत. पकडलेले नाग मडक्यांत ठेवले जात. सणाच्या दिवशी घरोघरी स्त्रिया त्यांची पूजा करीत, अंबामातेच्या मंदिराकडे मिरवणूक निघे आणि सण झाल्यावर नागांना पुन्हा रानात सोडून देण्यात येई. पुढे या सणास जत्रेचे व स्पर्धेचे स्वरूप आले. गटांची संख्या वाढली, सजविलेल्या वाहनांवरून नागांची मिरवणूक निघू लागली, लांबी व फणा यांनुसार बक्षिसे ठरू लागली आणि देशोदेशींचे प्रेक्षक येऊ लागले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यामुळे नाग पकडणे, जवळ बाळगणे व त्याचे प्रदर्शन करणे यांवर निर्बंध आले. तरीही शिराळ्यातील प्रथा त्यानंतर सु. चार दशके चालू राहिली. प्राणिमित्रांचे म्हणणे असे की, पकडताना व हाताळताना नागांस इजा होते, मडक्यात त्यांची उपासमार होते आणि सापाचे अन्न नसलेले दूध त्यांस पाजण्याचा प्रयत्न होतो. शिवाय नाग जेथे पकडला त्याच जागी सोडला जाईल, याची शाश्वती नसते. शिराळकरांचे म्हणणे असे की, इतरत्र नाग दिसताच ठेचला जातो, तर शिराळ्यात तो कधीच मारला जात नाही. नागाविषयीची भीती घालवून त्याला जगवणारी प्रथा गुन्हा कशी ठरते, हा त्यांचा प्रश्न होता. हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१४ मधील न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा व मिरवणूक बंद झाली आणि तिची जागा नागाच्या मूर्तींनी व प्रतिमांनी घेतली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने पारंपरिक ज्ञानाचा शैक्षणिक प्रसार या हेतूने मर्यादित व्यक्तींना नाग पकडण्याची सशर्त परवानगी दिली. स्पर्धा व मिरवणुकीस मात्र ती लागू नव्हती.

या वादात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माग काढण्याचे शिराळकरांचे कौशल्य हे खरे निरीक्षणजन्य ज्ञान होते आणि नाग न मारण्याची वृत्ती ही त्याहून मोठी गोष्ट होती. परंतु पूजा ही एका प्राण्याचीच झाली. त्याच्या आसपासच्या घोणशी, मण्यारी व इतर साप यांना या श्रद्धेचे संरक्षण सारख्या प्रमाणात मिळाले नाही. दुसरे असे की, नागपंचमीचा जो आचार महाराष्ट्रभर पाळला जातो, त्यात त्या दिवशी नांगरणे, खणणे, चिरणे, तळणे वर्ज्य असते. जमिनीखालच्या जिवास धक्का लागू नये, ही त्यामागील भावना नाग पकडण्याच्या प्रथेपेक्षा अधिक व्यापक आहे.

शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ : सातारचे राज्य १८४८ नंतर खालसा होऊन ब्रिटिश अंमल सुरू झाला. महाबळेश्वर हे त्यापूर्वीच, १८३० च्या आसपास, मुंबई इलाख्याचे थंड हवेचे ठिकाण बनले होते. अधिकारी, लष्करी डॉक्टर व निसर्गप्रेमी यांचा तेथे वावर असल्याने या परिसरातील प्राण्यांचे नमुने गोळा होण्यास सुरुवात झाली. टी. सी. जर्डन याने १८७० मध्ये दख्खनच्या पठारावरील गळ्याला पंखा असलेल्या सरड्याचे सिटाना डेक्कनेन्सिस या नावाने वर्णन केले. ॲल्बर्ट ग्युंटर याचा १८६४ मधील व जी. ए. बूलेंजर याचा १८९० मधील ग्रंथ यांनी भारतातील सरीसृप व उभयचर यांच्या वर्गीकरणाचा पाया घातला.

१८८३ मध्ये मुंबईत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली व १८८६ पासून तिचे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने त्यात भारतातील सामान्य सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. माल्कम स्मिथ याच्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील सरीसृपांवरील तीन खंड १९३१, १९३५ व १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील अर्धशतक हेच खंड प्रमाण मानले जात.

या काळातील अभ्यासाचा रोख प्रामुख्याने विषारी सापांकडे होता. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात फुरशी मारण्यासाठी सरकारी इनामे दिली गेली. सर्पदंशावरील उपाय शोधण्याची निकड मोठी होती आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेने सर्पविष व प्रतिविष यांवर केलेले काम या भागातील ग्रामीण जनतेस पुढे फार उपयोगी पडले. त्या संस्थेतील पु. ज. देवरस यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे १९६५ मधील पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होय. मात्र मारावयाचा किंवा टाळावयाचा प्राणी म्हणून झालेल्या या अभ्यासात लहान पाली, भेक व देवगांडूळ यांना गौण स्थान राहिले.

महाबळेश्वर व कोयना : स्वातंत्र्योत्तर काळात या परिसराच्या खास प्राण्यांची नोंद सुरू झाली. व्ही. के. चारी यांनी १९५५ मध्ये महाबळेश्वर येथील एका खापरखवल्या सापाचे वर्णन केले व त्यास यूरोपेल्टिस मॅक्रोलेपिस महाबळेश्वरेन्सिस असे उपजातीचे नाव दिले. खापरखवल्या हा जमिनीत बीळ करून राहणारा निरुपद्रवी साप आहे. त्याचे डोके निमुळते व शेपटाचे टोक खडबडीत ढालीसारखे असते. काळसर अंगावर पिवळे ठिपके व पट्टे असलेला हा साप पावसाळ्यात रस्त्यांवर येतो आणि विषारी समजून मारला जातो किंवा वाहनांखाली चिरडला जातो.

दुसरी महत्त्वाची नोंद कोयना खोऱ्यातील आहे. धरणामागे शिवाजीसागर जलाशय भरू लागल्याच्या काळात, १९६३ मध्ये, पी. डब्ल्यू. सोमण यांनी पाटण तालुक्यातील हुंबरळी गावाजवळ मिळालेल्या एका लहान भेकाचे ब्यूफो कोयनायेन्सिस या नावाने वर्णन केले. त्यानंतर हा प्राणी दीर्घ काळ जवळजवळ विस्मृतीत गेला. पुढे नव्याने झालेल्या सर्वेक्षणांत तो पुन्हा मिळाला आणि जननिक तपासणीत तो इतर भारतीय भेकांपासून बराच वेगळा असल्याचे दिसून आले. २००९ मध्ये एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी व आंबोली येथील एका नव्या जातीसाठी झँथोफ्रायनी ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. ही प्रजाती जगात फक्त उत्तर सह्याद्रीत आहे. पहिल्या पावसात साचलेल्या उथळ डबक्यांत हा भेक अंडी घालतो. त्यामुळे पाऊस लांबून डबकी आटली किंवा खडकाची जागा उकरली गेली, तर त्या वर्षीची पिढी नष्ट होण्याचा धोका असतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने कोयना भेकाचा समावेश संकटग्रस्त जातींत केला आहे.

याच हुंबरळी परिसरातून २००४ मध्ये वरद गिरी, डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन यांनी देवगांडुळाच्या एका नव्या जातीचे वर्णन केले. तिला इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस असे नाव देण्यात आले. एकाच लहानशा गावाच्या परिसरात दोन उभयचर जातींचे मूळ नमुने मिळावेत, ही गोष्ट या भूमीच्या वैशिष्ट्याची द्योतक आहे. जंगलातील ओढ्यांत आढळणारा बाँबे नाइट फ्रॉग या नावाचा लहान बेडूकही असाच उल्लेखनीय आहे. त्याच्या प्रजननाविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, बहुतेक बेडकांप्रमाणे नर मादीला मिठी मारीत नाही. तो मादीवर ओणवा होऊन हात पानावर किंवा फांदीवर टेकतो. ही पद्धत तोपर्यंत कोणत्याही बेडकात नोंदली गेली नव्हती.

सड्यावरील जाती : २००० नंतर सड्यांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आणि अल्पावधीत अनेक नव्या जातींची भर पडली. वरद गिरी व ॲरन बाउअर यांनी २००८ मध्ये चाळकेवाडी परिसरातील सड्यावर दगडाखाली राहणाऱ्या पालीचे वर्णन केले. हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस या तिच्या नावात जिल्ह्याचे नाव आले आहे. घरातील पालीच्याच प्रजातीतली असूनही ती भिंतीवर न चढता जमिनीवर राहते. कास पठारावरील निमॅस्पिस गिरिआय ही दिनचर पाल २०१४ मध्ये, तर कोयना भागातील निमॅस्पिस कोयनाएन्सिस ही २०१९ मध्ये शास्त्रास ज्ञात झाली.

याच क्रमात जर्डनच्या सरड्याचा प्रश्नही सुटला. दख्खनमधील पंखा असलेले मोठे सरडे सिटाना प्रजातीपासून वेगळे असल्याचे व्ही. दीपक व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. या नव्या प्रजातीस ‘सरडा’ हा मराठी शब्दच नाव म्हणून देण्यात आला. तीतील सरडा सुपर्बा ही जाती चाळकेवाडीच्या सड्यावर विपुल आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस नर उंचशा दगडावर चढून गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा उघडझाप करून मादीचे लक्ष वेधतात व प्रतिस्पर्ध्यास इशारा देतात. गुराख्यांच्या रोजच्या पाहण्यातला हा प्राणी शास्त्रीय नावावाचून इतकी वर्षे राहिला, याचे कारण तो दुर्मिळ होता हे नसून सड्याकडे कोणी अभ्यासाची जागा म्हणून पाहिले नव्हते हे होय.

सड्यांतील बदल : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाळकेवाडी, वनकुसवडे व आसपासच्या पठारांवर पवनचक्क्यांचे मोठे प्रकल्प उभे राहिले. वारा भरपूर आणि जमीन पडीक, म्हणून ही जागा योग्य ठरली. पवनचक्क्यांपासून धूर किंवा सांडपाणी होत नाही हे खरे; पण रस्ते, खोदाई व दगड हलविणे यांमुळे सड्याचा पृष्ठभाग बदलतो. याशिवाय एक सूक्ष्म परिणामही दिसून आला आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेतील अभ्यासकांनी चाळकेवाडी येथे केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या सु. एक चतुर्थांश आढळली. परिणामी तेथे सरडा सुपर्बाची संख्या वाढली होती, त्याच्या शरीरातील ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण कमी झाले होते, माणूस जवळ आला तरी तो उशिरा पळत होता आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके झाले होते. पवनचक्क्या येथे अन्नसाखळीतील वरच्या भक्षकासारखे कार्य करतात, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. सरड्यांची संख्या वाढली म्हणजे त्या जागेचे भले झाले, असा सरळ अर्थ लावता येत नाही, हे या संशोधनाने दाखविले.

पर्यटनाचा ताणही कमी नाही. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. त्याच यादीत कोयना व चांदोली ही स्थळेही आहेत. फुलांच्या हंगामात कासला येणाऱ्या गर्दीवर नियंत्रण ठेवण्याचे उपाय योजण्यात आले आहेत. तथापि पर्यटकांचे लक्ष फुलांवर असते, आणि छायाचित्रासाठी किंवा सहज म्हणून उलथलेल्या दगडाखाली एखाद्या पालीची अंडी असू शकतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. संरक्षित क्षेत्राबाहेरील सड्यांना तर असे कोणतेच नियम नाहीत.

नदीकाठ व बागायत : कृष्णा व वारणा या नद्यांच्या डोहांत मगरीचे वास्तव्य आहे. सांगली जिल्ह्यातील भिलवडी, औदुंबर या भागात मगरी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. उन्हाळ्याच्या सुमारास मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. वाळूच्या उपशामुळे व काठ खचल्यामुळे अशा जागा कमी होत आहेत. माणसांवर व गुरांवर हल्ल्याच्या घटना अधूनमधून घडतात आणि महापुराच्या वेळी मगरी वस्तीजवळही येतात. त्यामुळे नदीकाठच्या गावांत भीती असणे स्वाभाविक आहे. पाणवठ्यावरील सुरक्षित घाट व लोकांना वेळीच सूचना देणे, हेच यावरील व्यवहार्य उपाय मानले जातात. नदीत मऊ पाठीची कासवेही आढळतात व मासेमारीच्या जाळ्यांत ती सापडतात.

सिंचनामुळे कराड, वाळवा, मिरज या तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढले. उसात उंदीर वाढतात व त्यांच्यामागे घोणस, नाग व धामण येतात. सर्पदंशाचा धोका येथे ऊसतोडणी करणाऱ्या मजुरांस सर्वाधिक असतो. मांत्रिकाकडे न नेता रोग्यास शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोहोचवून प्रतिविष देणे हाच खात्रीचा उपाय आहे. बेडकांबाबत उल्लेखनीय गोष्ट अशी की, परदेशी खाद्यपदार्थांसाठी मोठ्या बेडकांचे पाय भारतातून निर्यात होत असत. ही निर्यात १९८७ मध्ये बंद करण्यात आली. शेतातील कीटक खाऊन पिकांचे रक्षण करणारा प्राणी म्हणून बेडकाचे महत्त्व त्यामुळे मान्य झाले.

संरक्षण : कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ मध्ये घोषित झाली, चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. धरणांमुळे व पुढे अभयारण्यांमुळे येथील अनेक गावांना उठावे लागले. त्यांच्या ओसाड शेतांवर आज पुन्हा रान वाढले असून तेथील प्राण्यांच्या संरक्षणाची किंमत या विस्थापितांनीही मोजली आहे, हे विसरता येत नाही. २०२२ मध्ये सुधारलेल्या वन्यजीव कायद्यात नाग, घोणस, धामण यांचा समावेश सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. मगर व घोरपड पूर्वीपासूनच तीत होत्या.

कायद्याचे संरक्षण मुख्यतः प्राण्याला मिळते, त्याच्या जागेला नेहमीच मिळते असे नाही. नाग, धामण व घोरपड निरनिराळ्या प्रकारच्या भूमीवर जगू शकतात. साताऱ्याची पाल, कोयनेचा भेक व चाळकेवाडीचा सरडा यांना सड्याखेरीज दुसरे घर नाही, किंवा असले तरी ते फारच मर्यादित आहे. म्हणून या जातींचे भवितव्य त्यांना मारले जाते की नाही, यापेक्षा सड्याची नोंद पडीक जमीन म्हणून होते की जिवंत आवास म्हणून, यावर अवलंबून आहे. दर पावसाळ्यात अभ्यासकांना या पठारांवर नवे काही सापडत असल्याने येथील यादी पूर्ण झाली आहे असे म्हणता येत नाही. जे सडे अद्याप कोणी तपासले नाहीत तेथील दगड हलविण्यापूर्वी त्यांखाली काय आहे हे पाहणे, एवढी काळजी या इतिहासावरून आवश्यक ठरते.